खारपाणपट्ट्यातला पाण्याचा ताळेबंद

हवामान बदलाशी जुळवून घेण्याची तयारी सरकार कशी करतं, हे मला कुणी विचारलं असतं तर नोकरी लागेपर्यंत धड एक वाक्य सांगता आलं नसतं. समाजकार्याची पदवी घेऊन मी साताऱ्याहून अकोला जिल्ह्यात आले, ती एका संस्थेतल्या कंत्राटी नोकरीवर. काम होतं नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातल्या गावांचं सूक्ष्म नियोजन. इकडं सगळे त्याला नुसतं ‘पोकरा’ म्हणतात. सूक्ष्म नियोजन म्हणजे गावाच्या शिवारात येणाऱ्या काही वर्षांत काय करायचं, हे गावकऱ्यांसोबत बसून ठरवायचं आणि कागदावर उतरवायचं. ऐकायला सोपं वाटलं. मग हातात वाचायला कागद आले.

त्या कागदांत पायऱ्यांवर पायऱ्या होत्या. देशाचा हवामान बदल कृती आराखडा ३० जून २००८ रोजी जाहीर झाला. त्याखाली आठ अभियानं. त्यानंतर केंद्रानं राज्यांना आपापले आराखडे करायला सांगितलं. महाराष्ट्रानं २०१० मध्ये ते काम दिल्लीच्या टेरी या संस्थेला दिलं, ब्रिटनच्या हवामान कार्यालयानं संगणकी प्रारूपांची मदत केली आणि २०१४ मध्ये अहवाल आला. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेनं देशातल्या जिल्ह्यांची हवामानाच्या दृष्टीनं किती जोखीम आहे, याची क्रमवारी लावलेली. आणि मग जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ पासून राबवला गेलेला आमचा प्रकल्प: मराठवाड्याचे आठ, विदर्भातले सहा आणि जळगाव असे १५ जिल्हे, ५,१४२ गावं. त्यातली ४,२१० दुष्काळप्रवण आणि ९३२ खारपाणपट्ट्यातली.

हे सगळं वाचून झालं आणि माझा गोंधळ वाढला. दिल्लीचा कागद देशाबद्दल बोलतो, मुंबईचा राज्याबद्दल, हैदराबादचा जिल्ह्याबद्दल. मला ज्या गावात जायचं होतं, तिथल्या माणसानं यंदा वावरात काय पेरावं, हे कुठल्या पानावर आहे? तालुक्याच्या एका कृषी अधिकाऱ्यांना मी तसं विचारलंही. ते शांतपणे म्हणाले, “ते पान अजून कुणी लिहिलेलं नाही. ते लिहायला तर तुम्ही आलात.” त्या रात्री मला झोप लागली नाही.

खारपाणपट्टा हा शब्दही माझ्यासाठी नवा होता. सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्यामध्ये पूर्णा नदीचं खोरं पसरलं आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून गेलेल्या या पट्ट्यात जमीन खोल काळी, सपाट, पाहताक्षणी कुणालाही हेवा वाटावा अशी. पण तिच्याखालचं पाणी खारं. साताऱ्याकडं आम्ही दुष्काळावर विहीर आणि बोअर हे उत्तर धरून चालतो. इथं विहीर खणली तर खारं पाणी लागतं, ते पिकाला दिलं की जमीन चोपण होते. माणसांना प्यायलाही दुरून, नळयोजनेतून पाणी आणावं लागतं. म्हणजे शेती सगळी वरून पडणाऱ्या पावसावर. त्यातही ही माती पाणी हळू मुरवते. तीन दिवस सलग पाऊस झाला की पाणी तुंबतं, सोयाबीन पिवळं पडतं. मग तीन आठवड्यांचा खंड पडला की त्याच वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अतिवृष्टी आणि दुष्काळ ही दोन वेगळी वर्षं असतात, असं मी समजत होते. इथं ती एकाच हंगामात, एकाच धुऱ्याच्या आत येतात.

पहिला धक्का नकाशानं दिला. प्रकल्पाचं नियोजन गावाच्या हद्दीवर होत नाही, पाणलोटावर होतं. काही गावं मिळून एक समूह, आणि समूहाला आकड्या-अक्षरांचा सांकेतिक क्रमांक. हे पटायला मला वेळ लागला नाही, कारण पाणी गावाची वेस ओळखत नाही. अडचण माणसांची होती. आमच्या गावातून वाहणारा नाला वरच्या गावातून यायचा आणि खालच्या गावात जायचा. नाल्याचं खोलीकरण आमच्या हद्दीत केलं तर तुंबलेलं पाणी सुटतं, पण खालच्या गावाच्या माथी बसतं. तिन्ही गावच्या समित्यांना एकत्र बसवायचं होतं. बैठक कुठल्या गावात घ्यायची, यावरच दोन आठवडे गेले. हवामान बदलाच्या पुस्तकात हे कुठंही लिहिलेलं नव्हतं, आणि खरं काम तर हेच होतं.

शिवारफेरी मात्र मला आवडली. कृषी सहायक, ग्राम कृषी संजीवनी समितीचे सदस्य, कृषिताई म्हणजे प्रकल्पाच्या गावातल्या महिला कार्यकर्त्या, आणि येतील ते गावकरी असे सगळे सकाळी निघायचे. पांदण रस्त्यानं चालत जायचं, कुठं पाणी साचतं, कुठं वाहून जातं, कुठली जमीन चोपण झाली आहे, हे बघत नोंदी करायच्या. एक सत्तरीचे काका माझ्या शेजारून चालत होते. माझ्या हातातल्या टॅबकडं बघत म्हणाले, “ताई, त्याच्यात लिहा, पयले पावसाया लागे तं चार महिने कसा धीरानं पळे. आता चार दिवसात पळून जाते अन् मंग ढुंकूनही पाहात नाई.” टॅबमध्ये त्यासाठी रकाना नव्हता. मी ते वहीत लिहून घेतलं. नंतर राज्याच्या आराखड्यात पावसाचे दिवस आणि पावसाची तीव्रता यांबद्दलचा भाग पुन्हा वाचला, तेव्हा तो पहिल्यांदा समजला.

बायकांची बैठक वेगळी घ्यायची असते, तशी ती संध्याकाळी देवळासमोर घेतली. मी पिकांबद्दल विचारत होते, त्या मजुरीबद्दल बोलत होत्या. खंड पडला की निंदण निघत नाही. झड लागली की वावरात पाय ठेवता येत नाही. दोन्ही वेळा रोज बुडतो. एक आजी म्हणाल्या, “सोयाबीन गेलं तं वावरवाल्याले दोन पैसे भेटतीन पंचनाम्याचे. आमच्या रोजाचा पंचनामा कोन करते, माय?” प्रकल्पात भूमिहीन कुटुंबांसाठी आणि विधवांसाठी शेळीपालनाची सोय होती, ती मी त्यांना समजावून सांगितली. तिघी-चौघींनी नावं दिली. पण आजींच्या प्रश्नाला शेळी हे अर्धंच उत्तर होतं, हे मला तिथंच जाणवत होतं. ज्याच्या नावावर सातबारा आहे, त्याचं नुकसान मोजायची रीत आपल्याकडं आहे. ज्याचं नुकसान दिवसांत होतं, त्याचं मोजायची नाही. माझ्या मते हवामानाच्या कुठल्याही आराखड्याची ही सर्वांत मोठी उणीव आहे आणि ती कुठल्या एका योजनेची नाही.

मग आला पाण्याचा ताळेबंद. मला खरी भीती याचीच होती आणि सगळ्यांत जास्त शिकवलंही यानंच.

यामागची पद्धत आयआयटी मुंबईच्या गटानं प्रकल्पासाठी बसवली आहे. रोजचा पाऊस, मातीचा प्रकार आणि खोली, जमिनीचा उतार, कुठं काय पेरलं आहे, हे सगळं घालून संगणक सांगतो की पडलेल्या पावसातलं किती वाहून गेलं, किती मातीत ओल म्हणून राहिलं, किती खाली मुरलं आणि पिकाला किती कमी पडलं. मला त्यातलं गणित उमजेना. शेवटी कृषी सहायकांनी एका दुपारी वहीचं पान काढलं आणि हातानं हिशेब मांडला. म्हणाले, “आधी एवढं समजून घ्या. एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरवर पडला म्हणजे दहा हजार लिटर, म्हणजे दहा घनमीटर. बाकी सगळं त्यावरून निघतं.”

समजा शिवार ९०० हेक्टरचं आहे आणि वर्षात सरासरीएवढा, ७०० मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे ६३ लाख घनमीटर पाणी शिवारात पडलं. कृषी खात्यातले लोक हजार घनमीटरला एक ‘टीसीएम’ म्हणतात, तेव्हा ६,३०० टीसीएम. लिटरमध्ये ६३० कोटी. आता गावात दोन हजार माणसं आहेत, माणशी रोज ५५ लिटर धरले तर वर्षाचे चार कोटी लिटर. पडणाऱ्या पावसाच्या एक टक्कासुद्धा नाही! मी तो आकडा तीनदा तपासला. टँकरच्या बातम्या वाचत मोठी झाले होते. पाणी कमी पडतं म्हणजे पाऊसच कमी पडतो, एवढंच डोक्यात होतं. पाऊस पडतो भरपूर. तो कुठं थांबतो आणि कुणासाठी थांबतो, हा खरा प्रश्न.

पुढचा हिशेब तितकाच महत्त्वाचा. ३० बाय ३० मीटरचं, तीन मीटर खोल शेततळं, बाजूंचा उतार धरून साधारण २.२ टीसीएम पाणी धरतं. हरभऱ्याला फुलोऱ्याच्या आधी तुषार सिंचनानं ५० मिलिमीटरचं एक संरक्षित पाणी द्यायचं तर हेक्टरी अर्धा टीसीएम लागतो. उन्हानं उडून जाणारं वजा केलं तर एका शेततळ्यात दोन-तीन हेक्टरचा हरभरा निभतो. गावात चारशे हेक्टर हरभरा असेल, तर प्रत्येकाला हे एक पाणी मिळायला दीडशेच्या आसपास शेततळी लागतील. त्या वर्षी अर्ज आले होते त्याच्या एका छोट्या भागाएवढे. आणि शेततळं घ्यायला जमीन अडकते. दोन एकरवाल्यानं त्यातला तुकडा खड्ड्याला कसा द्यायचा?

सहायकांनी पेन खाली ठेवलं. आम्ही दोघं बराच वेळ त्या पानाकडं बघत बसलो. आराखडा करणं म्हणजे काय, ते मला त्या दुपारी कळलं. काय काय करता येईल याची यादी करणं सोपं आहे. जेवढं आहे तेवढ्यात आधी काय, कुणाचं, आणि काय सोडून द्यायचं, हे ठरवणं अवघड.

पण मनात एक शंका होती आणि ती मी बैठकीत विचारली. हे सातशे मिलिमीटर कुठल्या वर्षांचे? सरासरी गेल्या काळाची, आराखडा येणाऱ्या काळाचा. सरासरीएवढा पाऊस झाला पण चार झडींत झाला, तर आमचा सगळा हिशेब चुकेल. उत्तर मिळालं ते मला योग्य वाटलं: एकच ताळेबंद करू नका. चांगल्या पावसाचं वर्ष, मध्यम आणि तुटीचं, असे तीन मांडा, आणि तिन्हींत उपयोगी पडेल ते काम आधी घ्या. रुंद वरंबा सरीवर पेरणी त्यात बसते, कारण जादा पाणी सरीतून निघून जातं आणि खंडात वरंब्यात ओल टिकते. नाल्याची सफाई बसते. संगणकी प्रारूपं पन्नास वर्षांनंतरचं एकच चित्र देत नाहीत, अनेक देतात. म्हणून अशी कामं शोधायची की ज्यांचा पश्चात्ताप कुठल्याही चित्रात होणार नाही. ही गोष्ट मला कुणी पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती.

पाऊस मोजण्याचाही प्रश्न निघालाच. राज्यात महावेध प्रकल्पातून दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं बसली आहेत, साधारण प्रत्येक महसूल मंडळाला एक. पण एका मंडळात पुष्कळ गावं असतात. “मंडळात पळला, आमच्या वावरात नाई पळला” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की नंतर गावातल्या शाळेच्या गुरुजींना भेटले आणि साधा पर्जन्यमापक अंगणात बसवायची कल्पना मांडली. मुलं रोज सकाळी साडेआठला आकडा फळ्यावर लिहू लागली.

याच सुमारास मी अहमदाबादच्या उष्णता कृती आराखड्याबद्दल वाचलं. मे २०१० मध्ये तिथं पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त माणसं दगावली. त्यानंतर महापालिकेनं गांधीनगरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या आणि इतरांच्या मदतीनं २०१३ मध्ये आराखडा केला. दक्षिण आशियातला तो पहिला. मला भावला तो त्याचा साधेपणा. तापमानाचा अंदाज अमुक अंशावर गेला की इशाऱ्याचा रंग बदलतो, आणि रंग बदलला की कुणी कुणाला कळवायचं, रुग्णालयानं काय तयार ठेवायचं, हे आधी ठरलेलं असतं. काय घडलं की कोण काय करणार: आराखडा म्हणजे एवढंच. ज्या कागदात हे नाही, तो कितीही जाड असला तरी वेळ आली की कामाचा नाही.

ही कसोटी हातात घेऊन मी आमच्याकडचे कागद पुन्हा चाळले, आणि जिल्ह्याचा आपत्कालीन पीक आराखडा सापडला. देशातल्या सहाशेहून जास्त जिल्ह्यांसाठी असे आराखडे हैदराबादच्या संस्थेनं कृषी विद्यापीठांसोबत केले आहेत. मान्सून दोन आठवडे उशिरा आला तर काय पेरायचं, चार आठवडे, सहा, आठ आठवडे उशिरा आला तर काय. मध्येच खंड पडला तर काय. मूग-उडदाची वेळ गेली की तो नाद सोडायचा, सोयाबीनही फार उशिरा पेरायचं नाही, तुरीचं प्रमाण वाढवायचं, अशा सूचना त्यात असतात. मला वाटलं, सापडलं ते पान! मी ते घेऊन उत्साहानं गावात गेले. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “हे बराबर हाय. पन त्या आठवड्यात ते बियानं दुकानात राहीन का?”

त्या प्रश्नानं माझं डोकं जागेवर आलं. पीक बदलायचा सल्ला कागदावर आहे, पण बदललेल्या पिकाचं बियाणं कुणीतरी आधीच साठवलेलं असलं पाहिजे, आणि पाऊस वेळेवर आला तर ते पडून राहणार, तो तोटा कुणीतरी सोसला पाहिजे. म्हणून गावातच बियाणं तयार करणं हा घटक आमच्या आराखड्यात यावा, यासाठी मी हट्ट धरला. गावातल्या एका शेतकरी गटानं सोयाबीन आणि तुरीचं बियाणं राखायचं ठरवलं. साठवायला जागा, प्रतवारी, उगवण क्षमतेची चाचणी, सगळं त्यात आलं. कागदावर तीन ओळी दिसतात. मला विचाराल तर अख्ख्या आराखड्यात त्याच तीन ओळी हवामानाशी सर्वांत थेट बोलतात.

ग्रामसभेपुढं आराखडा ठेवायचा दिवस जवळ आला, तशी यादी लांबत गेली. ठिबक, तुषार संच, शेततळं, पाईप, शेडनेट. जो तो आपल्यासाठी काय आहे ते विचारत होता, आणि त्यात गैर काही नाही. कर्जात बुडालेल्या माणसाला अनुदान हाच आधार वाटतो. तरी मला सारखं वाटत राहिलं की यादी आणि आराखडा यांत फरक आहे. पन्नास तुषार संच आले आणि उपसायला गोडं पाणी तेवढंच राहिलं, तर जुळवून घेतलं कुणी? संच घेणारा प्रत्येकजण त्याच नाल्यातून, त्याच साठ्यातून पाणी घेणार. हे ग्रामसभेत कसं मांडायचं ते मला सुचेना. शेवटी कृषिताईंनी मांडलं. त्यांनी ताळेबंदाचं पान फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, जमा एकीकडं, खर्च दुसरीकडं, आणि विचारलं, “घरचा हिसाब आपन असाच पाहातो ना? मंग गावाचा काऊन नाई?” सभा एरवी तासाभरात उरकते, ती त्या दिवशी अंधार पडेपर्यंत चालली. नाल्याचं काम तिन्ही गावांनी मिळून आधी घ्यायचं ठरलं. शेततळी आधी नाल्यापासून दूर असणाऱ्यांना. त्यावर भांडण झालं, आवाज चढले, एक जण उठून गेला आणि परत आला. ठराव झाला.

एवढ्यानं सगळं सुटलं नाही. बायकांच्या बुडालेल्या रोजाची ओळ आराखड्यात बसवता आली नाही, आणि ती मला अजून सलते. पण आता मला कुणी विचारलं की सरकार हवामान बदलाशी जुळवून घ्यायचं नियोजन कसं करतं, तर मी सांगेन: वरून चौकट येते, पैसा येतो, नकाशे आणि अंदाज येतात, आणि ते सगळं लागतंच. मात्र निर्णय होतो तो फळ्यावरच्या त्या दोन रकान्यांसमोर बसलेल्या माणसांत. तिथं माणसं बसली नाहीत, तर वरचा प्रत्येक कागद अपुरा राहतो.

पोकराचा दुसरा टप्पा आता २१ जिल्ह्यांतल्या सात हजारांवर गावांसाठी मंजूर झाला आहे. तुमचं गाव त्यात असेल तर उत्तमच. नसलं तरी एक गोष्ट कुठल्याही योजनेविना करता येते. बऱ्याच गावांत २ ऑक्टोबरला ग्रामसभा होते. पाऊस तेव्हा सरत आलेला असतो आणि हरभरा, गहू पेरायचा असतो. त्या सभेत उभं राहून विचारा: यंदा आपल्या शिवारात पाऊस किती पडला, त्यातलं किती शिल्लक आहे, आणि त्यावर किती हेक्टर रब्बी निघेल? तो हिशेब भिंतीवर लिहून घ्या, पेरणीच्या आधी लिहून घ्या, आणि सभेला मजुरी करणाऱ्या बायांनाही आवर्जून बोलवा.